गच्चीवरच्या निळ्या रिंगनेकची जोड रानातल्या राघूशी लावावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातल्या एका गृहस्थांकडे तीन वर्षांची निळी रिंगनेक मादी आहे, हाताने भरवून वाढवलेली. रिंगनेक म्हणजे आपला साधा राघूच, हा त्याचा पिंजऱ्यात पैदास केलेला निळा प्रकार. पिंजरा गच्चीवर असतो. संक्रांतीपासून रोज सकाळी रानातला एक हिरवा नर येतो, जाळीला लटकतो आणि तिला चोचीने भरवतो. ओळखीतले पक्षी पाळणारे एक जण म्हणतात, "दार उघडं ठेवा, आत आला की बंद करा. रानातलं रक्त आलं की पिल्लं दणकट निघतात." त्यातच अक्कलकोटकडच्या भाच्याने विचारलंय की झाडाच्या ढोलीतलं एखादं पिल्लू आणून देऊ का, वाढवून त्याचीच जोड लावू. यात धोका आहे का, असेल तर किती?

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. दार उघडं ठेवू नका, भाच्याला आजच फोन करून नको म्हणा आणि पिंजरा संध्याकाळच्या आत गच्चीवरून हलवा. यातलं तिसरं काम सगळ्यांत निकडीचं आहे. बहुतेकांना वाटतं की धोका जोड लागल्यावर सुरू होतो. तुमच्याकडे तो संक्रांतीपासूनच सुरू झालाय.

मी पशुवैद्य. पहिली दहा वर्षं गुरांच्या कासदाह, फऱ्या आणि लाळ्या-खुरकुतातच गेली; पक्षी हा विषय कॉलेजात कोंबडीपुरता शिकलेला. मग शहरात बजी, कॉकटेल, लव्हबर्ड, सन कॉन्यूर असे पोपटांच्या कुळातले परदेशी पक्षी यायला लागले आणि त्यांच्यामागे त्यांचे आजार. आता दवाखान्यात आठवड्याला दहा-पंधरा पिंजरे येतात. दर वर्षी जानेवारी ते एप्रिल या काळात तुमच्यासारखा प्रश्न घेऊन दोन-तीन माणसं तरी येतात, कारण आपल्याकडच्या पोपटांचा विणीचा हंगाम हाच.

तो नर जाळीला लटकून करतो काय

त्याच्या गळ्याखालच्या पिशवीत सकाळपासून खाल्लेलं अर्धवट भिजलेलं खाणं असतं. मान वरखाली हलवत तो ते वर आणतो आणि तिच्या चोचीत ओततो. मादी पंख सैल सोडून, मान मागे टाकून बसते, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या करते. बघायला फार गोड दिसतं, मोबाइलवर शूटिंग करण्यासारखं. मी मात्र ते बघताना एवढंच मोजतो की त्या घासाबरोबर काय काय आलं.

हा नर पहाटे कुठल्या तरी शिवारात ज्वारीच्या कणसावर बसून आलेला असतो. हुरड्याचे दिवस, मालदांडीचा चीक भरलेला, गोफणीचा दगड आला की थवा उठून पुढच्या वावरात. डाळिंबाच्या बागेत फळ फोडून आलेला असेल. पाणी पितो ते उघड्या टाकीचं, डबक्याचं, कबुतरांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं. कबुतरांच्या घशात एक सूक्ष्म परजीवी असतो, कबुतरवाले त्याच्या आजाराला कँकर म्हणतात. एकाच भांड्यातून पाणी पिताना तो दुसऱ्या पक्ष्याला जाऊ शकतो. पोटात गोल कृमी, अंगावर पिसवा-गोचीड हे तर आलंच. रानातल्या निरोगी पक्ष्याला यातलं बरंचसं पेलतं. तो ते बाळगतो आणि उडत राहतो. तुमची मादी अंड्यातून निघाल्यापासून उकळलेल्या पाण्यात कालवलेलं खाणं खात वाढलीय. तिच्या अंगाला यातल्या कशाचीही ओळख नाही.

आणि जाळीमुळे यातलं काहीही अडत नाही. लाळ जाते, पिसांची धूळ जाते, वरून विष्ठा पडते.

माणसाला होणारा तो एक आजार

सिटॅकोसिस नावाचा आजार पोपटांकडून माणसाला होतो. क्लॅमिडिया सिटॅसी नावाचा जिवाणू त्याचं कारण. वाळलेली विष्ठा आणि पिसांचा भुगा श्वासातून आत गेला की साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, कडक डोकेदुखी, कोरडा खोकला, पुढे न्यूमोनिया. १९२९-३० मध्ये पोपटांच्या व्यापाराबरोबर हा आजार अनेक देशांत पसरला होता आणि माणसं दगावली होती. त्या काळी प्रतिजैविकं नव्हती. आज औषध आहे. अडचण असते ती आजार ओळखण्याची.

शहराच्या जुन्या भागातलं एक कुटुंब मला नेहमी आठवतं. त्यांच्याकडे कॉकटेलची जोडी होती. मुलाने वादळात पडलेला रानातला पोपट उचलून आणला आणि "एकाला दोन, दोनाला तीन" म्हणत त्याच पिंजऱ्यात ठेवला. तीन आठवड्यांनी कॉकटेलची मादी फुगून बसायला लागली. त्यांनी ट्रेमधला कागद आणला होता, तो मी दिव्याखाली धरला. पक्ष्याच्या विष्ठेत हिरवा-तपकिरी भाग असतो, त्याला लागून खडूसारखा पांढरा भाग असतो आणि भोवती पाण्याचा डाग. हा पांढरा भाग पांढराच पाहिजे. त्या कागदावर तो कच्च्या लिंबाच्या रंगाचा होता. यकृत बिघडलं की असं होतं. मी विचारलं, घरात कुणाला खोकला? सून म्हणाली, सासूबाईंना आठ दिवस ताप आहे, औषध चालू आहे, पण उतार नाही. मी त्यांना चिठ्ठीवर एवढंच लिहून दिलं: "घरात पोपट आहेत, त्यांतला एक आजारी आहे, हे तुमच्या डॉक्टरांना सांगा." नेहमीची पेनिसिलिनच्या कुळातली औषधं या जिवाणूवर चालत नाहीत, डॉक्सिसायक्लिन चालतं. डॉक्टरांनी औषध बदललं, दोन-तीन दिवसांत ताप उतरला. कॉकटेल मात्र गेली.

आता यात चोर कोण? रानातला पोपट जिवाणू घेऊन आला, की कॉकटेलच आधीपासून बाळगून होती आणि नव्या पाहुण्याच्या ताणाने आजार उफाळला? दोन्ही शक्य असतं. हा जिवाणू पक्ष्याच्या अंगात महिनोन्‌महिने गपगार बसतो आणि प्रवास, ऊन, विण, भांडण असा ताण आला की विष्ठेतून बाहेर पडू लागतो. रानातला आणि घरातला पक्षी एकत्र आणणं म्हणजे दोघांनाही एकदम ताण देणं. म्हणून "आमचा पक्षी तर ठणठणीत आहे" या वाक्याला मी फारशी किंमत देत नाही.

जाता जाता, उपचार करायची वेळ आलीच तर हे लक्षात ठेवा. डॉक्सिसायक्लिनचा कोर्स पोपटात साधारण ४५ दिवसांचा असतो आणि तेवढे दिवस पिंजऱ्यातलं समुद्रफेन, मिनरल ब्लॉक काढून ठेवावं लागतं, कारण कॅल्शियम त्या औषधाला धरून ठेवतं आणि ते अंगात उतरत नाही. बरेच लोक दहाव्या दिवशी पक्षी बोलायला लागला की औषध थांबवतात. मग दोन महिन्यांनी परत येतात.

पिसं झडणारा विषाणू, आणि मॉरिशसची गोष्ट

सिटॅकोसिसला निदान औषध तरी आहे. चोच आणि पिसांचा जो विषाणूजन्य आजार आहे, पीबीएफडी म्हणतात त्याला, त्याला औषधच नाही. लहान वयात लागण झाली तर पंखांची आणि शेपटीची पिसं वाढता वाढता गळतात. गळलेलं पीस हातात घेऊन बघा: बुडाशी चिमटल्यासारखं बारीक झालेलं, दांड्यात वाळलेल्या रक्ताची रेघ. पुढे चोच ठिसूळ होते, रोगप्रतिकारशक्ती खचते आणि पक्षी दुसऱ्याच कुठल्या तरी साध्या आजाराने मरतो. प्रौढ पक्ष्यात काहीच लक्षण न दिसता तो विषाणू टाकत राहू शकतो. साध्या फिनेलने तो मरत नाही. घरट्याच्या पेटीत, पिसांच्या धुळीत फार काळ टिकतो.

या आजारात मला तुमच्या मादीइतकीच त्या नराची काळजी वाटते. बाजारातला पक्षी ज्या दुकानातून येतो तिथे पाच देशांच्या पक्ष्यांचे पिंजरे एकावर एक रचलेले असतात. बजी, लव्हबर्ड, कॉकटेल, सगळ्यांची धूळ एकच. तिथून विषाणू तुमच्या घरी आणि तुमच्या जाळीतून त्या नराकडे, नराकडून त्याच्या ढोलीतल्या पिल्लांकडे, संध्याकाळी ज्या झाडावर शेकडो पोपट मुक्कामाला उतरतात तिथे.

हे कागदी भय नाही. मॉरिशस बेटावर तिथला म्हणून एक पोपट आहे, एको पॅराकीट, आपल्या राघूचा जवळचा भाऊबंद. १९८० च्या दशकात त्याची संख्या जेमतेम डझनभरावर आली होती. माणसांनी अंडी उचलून, पिल्लं हाताने वाढवून, पेट्या लावून तो पक्षी शेकड्यांवर नेला. आणि २००५ च्या सुमाराला याच पीबीएफडीची साथ त्यांच्यात आली. त्या बेटावर आपला रिंगनेकही आहे, एकोणिसाव्या शतकात माणसाने नेलेला आणि सुटून रानात स्थिरावलेला. विषाणू दोघांतही सापडतो. इंग्लंडमध्ये पाळीव पक्षी सुटून तयार झालेल्या रिंगनेकच्या थव्यांतही हा विषाणू आढळलाय.

बाकीचे आजार पटकन सांगतो. मानमोडी, म्हणजे रानीखेत, पोपटालाही होतो. तुमच्या आसपास गावठी कोंबड्या असतील तर रानातला पक्षी हा दुवा ठरू शकतो. कोंबडीची लासोटा लस आणून पोपटाच्या डोळ्यात टाकणारे महाभाग मी पाहिलेत. कृपया तसलं काही करू नका. पक्ष्यांची देवी (पॉक्स) डास पसरवतात आणि गच्चीवर डास असतातच. पॉलिओमाव्हायरस पिल्लांना मारतो, मोठ्यांना कळतही नाही.

आत घेतलात तर

समजा दार उघडं ठेवलंत आणि नर आत आला. दार बंद झाल्याचं कळताच तो जाळीवर आपटायला लागतो. चोचीच्या वरचा भाग सोलवटतो, शेपटी तुटते, पंखाची हाडं जातात. रानातला मोठा पक्षी पकडल्यावर पहिले दोन-तीन दिवस खात नाही आणि सव्वाशे ग्रॅमच्या जिवाला तेवढा उपास पुरतो.

त्यातून जगला तर पुढचं संकट तुमची मादी. रिंगनेकमध्ये घर मादीचं असतं. रानात ती नराला हुसकून लावते तेव्हा त्याला उडून जायला अख्खं आकाश असतं. तीन बाय दोनच्या पिंजऱ्यात कुठे जाणार? जाळीपलीकडून घास घेणारी मादी आत आलेल्या नराचा पाय फोडते, हे मी स्वतः टाके घालून अनुभवलंय. एका नराचं मधलं बोट मुळापासून गेलेलं होतं. मालक रडकुंडीला येऊन म्हणत होते, "साहेब, बाहेरून तर दोघं एवढं प्रेम करत होते."

आणि तुमची मादी हाताने वाढलेली. तिच्या मनात जोडीदार म्हणजे पोपट की तुम्ही, हेही नीट ठरलेलं नसतं. असे पक्षी पुष्कळदा मीलनच करत नाहीत, अंडी दिली तर उबवत नाहीत, पिल्लं निघाली तर भरवत नाहीत. मग ते ओलं गुलाबी पिल्लू दर दोन तासांनी भरवायला तुम्ही.

आता त्या नराच्या बाजूने विचार करा. गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी आहे ना त्याच्या? ती पुरी यायला तीन वर्षं लागतात. म्हणजे तो जाणता नर आहे, आणि जानेवारी-फेब्रुवारीत जाणत्या नराची बहुधा कुठेतरी ढोली असते. तांबटाने किंवा सुताराने कोरलेलं जुनं भोक, नाहीतर जुन्या भिंतीतली पोकळी. आत मादी तीन-चार अंड्यांवर बसते, बावीस-तेवीस दिवस, आणि तिला दाणा नर आणून देतो. तुमच्या दारात तो अडकला की तिला अंडी सोडून उठावं लागतं. एक नर पकडणं म्हणजे एक घरटं मोडणं, फक्त ते तुम्हाला दिसत नाही.

भाच्याच्या ढोलीतल्या पिल्लाचंही हेच. ढोलीत हात घालताना सहसा एक पिल्लू येत नाही, दोन-तीन येतात, त्यांतली काही वाटेतच जातात. वाचलेलं भिजवलेल्या हरभरा डाळीवर आणि दुधात कुस्करलेल्या पोळीवर वाढवलं जातं. पाय वाकडे, हाडं मऊ. अशी पिल्लं माझ्याकडे दर मार्चमध्ये येतात, बुटाच्या खोक्यात.

"रानातलं रक्त" म्हणजे नक्की काय मिळतं

तुमच्या ओळखीच्या गृहस्थांच्या म्हणण्यात एक धागा खरा आहे. पिंजऱ्यातल्या रंगीत जातींमध्ये भाऊ-बहीण, बाप-लेक अशा जोड्या लावून लावून रक्त फार जवळचं झालंय. अंडी गारगोटी निघणं, पिल्लं कवचात मरणं, पिसं विरळ येणं यामागे बरेचदा तेच असतं. त्यावर लांबच्या रक्ताचा पक्षी आणणं हा उपाय बरोबर आहे. पण लांबचं रक्त आणि रानातलं रक्त यांत फरक आहे.

हिशोब मांडू. निळा रंग अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसणारा. निळी मादी आणि रानातला शुद्ध हिरवा नर यांची सगळी पिल्लं हिरवी. एकही निळं नाही. पक्षीवाले त्यांना स्प्लिट म्हणतात, निळा गुण आत लपलेला. निळी पाहिजेत तर हीच भावंडं एकमेकांत लावा, चारात सरासरी एक निळं. किंवा पोरगा आईला लावा, निम्मी निळी. म्हणजे जवळचं रक्त टाळायला रानात गेलात आणि दुसऱ्याच पिढीत भावा-बहिणीवर परत आलात. ज्यांनी हा सल्ला दिला त्यांना हे गणित माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्यांना स्प्लिट पिल्लं विकायची असतील, हा माझा अंदाज.

दणकटपणाचं म्हणाल तर रानातला पक्षी दणकट दिसतो कारण दुबळा आपल्याला दिसायला उरत नाही. शिक्रा, कावळा, मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन, उपासमार. ढोलीतून उडालेल्या सगळ्यांची कंठी काळी होत नाही. ती चाळणी पिंजऱ्यात नसते. रक्त आणलंत तरी चाळणी आणता येत नाही.

उलट बाजूचा धोका लोकांच्या ध्यानात येत नाही. "पिल्लं जास्त झाली तर सोडून देऊ, त्यांचीच तर जात" असं अगदी चांगली माणसं म्हणतात. या जातीच्या चार उपजाती आहेत, दोन आफ्रिकेतल्या, दोन आपल्या बाजूच्या. आपल्याकडचा दक्षिणेतला पोपट उत्तरेतल्यापासूनही थोडा वेगळा. पिंजऱ्यातल्या रंगीत पक्ष्यांचं कूळ किती हातांतून, कुठकुठल्या मिसळीतून आलं याची वही कुणाकडे नसते. अशी पिल्लं थव्यात गेली की लपलेले रंग आणि जवळच्या रक्तातले दोष थव्यात उतरतात. निळं किंवा पिवळं पिल्लू पालवीत लपत नाही. शिक्र्याला ते आयतं मिळतं. आणि हाताने वाढवलेलं पिल्लू तर माणसाच्या खांद्यावर उतरतं, तो माणूस कोण आहे हे न बघता.

काही जण करण पोपटाशी जोड लावतात, तो मोठा, खांद्यावर लाल पट्टा असलेला. पिंजऱ्यात या दोघांचा संकर होतो, युरोपात जिथे दोन्ही जाती सुटून स्थिरावल्यात तिथेही संकरित पक्षी नोंदले गेलेत. बजी किंवा कॉकटेलची जोड आपल्या पोपटाशी लागेल का, असंही विचारतात. नाही लागणार. बजी-कॉकटेल ऑस्ट्रेलियाचे, नातं फार लांबचं. तिथे फक्त चावाचावी होईल आणि बजीचा जीव जाईल.

कायद्याचं

हे मी थोडक्यात सांगतो, कारण इथे वाद घालण्यासारखं फार नाही. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९१ पासून बंदी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि आपला साधा पोपट त्यात दुसऱ्या परिशिष्टात आहे. कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे नुसती बंदूक नाही. पकडणं, सापळा लावणं, अंडी-घरटी उचलणं हेही त्यात येतं. पिंजऱ्याचं दार मुद्दाम उघडं ठेवून आत दाणा ठेवणं याला दुसरं नाव काय देणार? शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

"निळ्याला कायदा लागत नाही" असं दुकानात सांगतात. कायद्यात जातीचं नाव आहे, रंगाचं नाही. तुमच्याकडची मादी कुठून घेतली, पावती आहे का, हे घेऊन वन विभागाच्या कार्यालयात एकदा स्वतःहून जाऊन या. आणि तिची पिल्लं हिरवी निघाली तर ती रानातून पकडलेली नाहीत हे तुम्ही कशावर सिद्ध करणार, याचाही विचार करा. आफ्रिकन ग्रे, मकाव, सन कॉन्यूर असे परदेशी पक्षी असतील तर त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, २०२४ च्या नियमांप्रमाणे, आणि पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पोपटाकडून पाकीट काढून भविष्य सांगणारे मी लहानपणी पाहिलेत, तो जमाना गेला. पोपटाला स्वतःचं भविष्य कधी दिसलं नाही बिचाऱ्याला.

आता करायचं काय

पिंजरा घरात घ्या, पूर्वेच्या खिडकीजवळ, स्वयंपाकघरापासून लांब. गच्चीवरचा दाणा-पाणी पूर्ण बंद, अगदी चिमण्यांसाठी ठेवलेला वाडगासुद्धा पंधरा दिवस उचला. नर आठवडाभर येईल, ओरडेल, ती आतून उत्तर देईल. तुम्हाला वाईट वाटेल. दिसेनासं झालं की दोघंही विसरतात. पुढे तिला गच्चीचं ऊन द्यायचंच असेल तर पिंजऱ्यावर पत्र्याचं छत करा, म्हणजे वरून विष्ठा पडणार नाही, आणि पिंजऱ्याच्या बाहेर वीतभर अंतर सोडून दुसरी जाळी, म्हणजे चोचीला चोच लागणार नाही.

मादी आता विणीच्या तंद्रीत आहे, ती उतरवायची. संध्याकाळी सातला पिंजऱ्यावर चादर टाका, सकाळी सातपर्यंत अंधार. मटका, पेटी, पिंजऱ्यातला अंधारा कोपरा, कागदाचे तुकडे, सगळं काढा. पाठीवरून आणि शेपटीखाली हात फिरवू नका, फक्त डोकं आणि मान. नुसतं सूर्यफूल आणि शेंगदाणे देत असाल तर हळूहळू कमी करून मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, ज्वारीची कणसं असं करा. हिरवी मिरची खुशाल द्या, पक्ष्यांना तिखट लागतच नाही. पण आपली शेंगाचटणी लावलेली भाकरी देणारे आहेत, ती बंद. त्यातलं मीठ आणि तेल तिला सोसत नाही.

नराशिवायही ती अंडी घालू शकते. घातली तर लगेच उचलू नका, उचलली की ती परत घालते आणि अंगातलं कॅल्शियम उपसलं जातं. तीन आठवडे तशीच राहू द्या, कंटाळून सोडेल. मात्र ती पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली, शेपटी श्वासागणिक वरखाली होतेय, कुंथतेय असं दिसलं तर अंडं अडकलंय. तेव्हा रात्र असो की अमावास्या, थेट निघा. ही वाट बघण्याची गोष्ट नाही.

महिनाभर ती संपर्कात होती म्हणून तपासणी करून घ्या. चोचीच्या आतून पुसलेला नमुना, ताजी विष्ठा, दोन-चार पिसं आणि रक्ताचा थेंब एवढ्यावर सिटॅकोसिस आणि पीबीएफडी दोन्हींची पीसीआर होते. पीबीएफडी पॉझिटिव्ह आली पण लक्षणं नसली तर घाबरून काही करू नका, नव्वद दिवसांनी परत तपासतात. काही पक्षी विषाणू झटकून टाकतात. तोवर घरात दुसरा कुठलाही पक्षी आणायचा नाही. ट्रे झाडताना आधी पाणी शिंपडा, कोरडा झाडू नका, तोंडाला मास्क. घरात म्हातारी माणसं, गरोदर बाई किंवा दम्याचं कुणी असेल तर ट्रे त्यांच्याकडे नको. कुणाला ताप-खोकला आलाच तर डॉक्टरांना पोपटाचं आधी सांगा.

भाच्याला रानात पडलेलं पिल्लू खरंच सापडलं तर आधी बघायचं, ढोली वर दिसते का. दिसली आणि हात पोचत असेल तर परत ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून आईबाप टाकतात, हे खोटं आहे. जखमी असेल तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६.

एकटी आहे म्हणून दया येऊन जोड लावावी वाटते, हे मला कळतं. तिला रोज तासभर तुमच्याबरोबर मोकळं फिरू द्या, कुरतडायला कडुलिंबाच्या किंवा बाभळीच्या ताज्या फांद्या द्या, खाणं वाटीत देण्याऐवजी कागदात गुंडाळून लटकवा. तिची जोडच लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दवाखान्यात आणताना पिंजरा धुऊन आणू नका. आदल्या रात्री ट्रेमध्ये साधा पांढरा कागद घाला, वर्तमानपत्र नको, शाईने विष्ठेचा रंग कळत नाही. तो कागद घडी न घालता वेगळा आणा. पिंजऱ्यावर चादर टाका, भर दुपारी निघू नका, आणि घरात भाजी मोजायचा वजनकाटा असेल तर येण्याआधी तीन दिवस रोज सकाळी खाण्याआधी तिचं वजन लिहून ठेवा.